पावती छापण्याचे प्रयोग

माणसाने एक वेळ दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहावे, पण सोसायटीचा खजिनदार होऊ नये. मी दोन्ही केलं आहे, म्हणून अधिकाराने सांगतो.

पावत्या मोबाइलवर पाठवायच्या, असं कमिटीने ठरवलं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "मोबाइल फाइलला कसा लावू?" ही फाइल त्यांच्या यजमानांनी सुरू केलेली. यजमान गेले, पण फाइलमध्ये एका महिन्याचा खंड नाही. तिच्यापुढे कमिटीचं काय चालणार? शिवाय बँकेतल्या माणसाला कॉम्प्युटर येतो, असा चाळीस बिऱ्हाडांचा गैरसमज. छपाई माझ्या गळ्यात पडली.

इंजिनिअर भाच्याने पायथनच्या जोडीला 'क्यूट' घ्यायला सांगितलं. प्रोग्रॅमला लागणाऱ्या खिडक्या, बटणं, तक्ते यांचं हे तयार सामान. मूळ नॉर्वेचं, पहिल्यांदा बाहेर आलं १९९५ साली. लिहायचं 'क्यूटी' आणि म्हणायचं 'क्यूट'. आमच्या बंडूचं कागदोपत्री नाव पुरुषोत्तम आहे, त्यामुळे मला याचं नवल वाटलं नाही.

आठ रविवार घालवून पडद्यावर अशी देखणी पावती उभी केली, की स्वतःच पैसे भरावेसे वाटले. मग 'छापा' हे बटण करायला घेतलं.

प्रोग्रॅम म्हणाला, 'क्यूप्रिंटर' नावाचं इथे कोणी नाही. पुस्तकात तर हाच पत्ता होता!

"मामा, पुस्तक चौथ्या आवृत्तीचं आहे," भाचा म्हणाला. "पाचवी २०१२ साली आली, तेव्हापासून छपाईचं खातं निराळं. 'प्रिंटसपोर्ट'मधून मागवा."

म्हणजे 'इथे नाही, पलीकडच्या काउंटरवर जा.' वीस वर्षं हे वाक्य मी लोकांना ऐकवत आलो. ऐकून घ्यायला कसं वाटतं, ते त्या दिवशी कळलं.

पडद्यावरची पावती जशीच्या तशी कागदावर उतरव, असा हुकूम सोडला. ए-फोर कागद बाहेर आला. जवळजवळ कोराच, फक्त डाव्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढं काहीतरी. सौ. म्हणाली, "अहो, मुंग्यांच्या सोसायटीचं कामही घेतलंत का?"

मी कॉमर्सचा पदवीधर, हिशेब मांडला. माझी पावती ९६० ठिपके रुंद. पडदा इंचात ९६ ठिपके धरतो, म्हणजे दहा इंच. छपाई मात्र मी बारीक दर्जाची निवडलेली, इंचात १२०० ठिपक्यांची. ९६० भागिले १२००, उत्तर पाऊण इंचाच्या किंचित वर. प्रोग्रॅमचं काही चुकलं नव्हतं. त्याला ठिपके सांगितले, त्याने ठिपके दिले. कागदाच्या रुंदीला पावतीच्या रुंदीने भागून तेवढ्या पटीने चित्र वाढव, अशी एक ओळ घातली आणि पावती अंगाने भरली.

मग सगळ्यांच्या पावत्या सोडल्या. कागद आला एक! चाळीस पावत्या एकमेकींच्या उरावर छापलेल्या. पान भरल्यावर 'न्यूपेज' म्हणजे 'नवं पान घे', असं दर वेळी सांगावं लागतं. पासबुकाचं पान उलटायला विसरून मी किती खातेदारांच्या शिल्लकेचा काळा ठिपका केला असेल, ते आठवलं. त्या सर्वांची मनातल्या मनात माफी मागितली.

शेवटी ताजी पावती घेऊन आजींकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, रक्कम पाहिली, तारीख पाहिली, कागद मागून-पुढून पाहिला.

"छापलंय छान हो," त्या म्हणाल्या. "पण सही कुठाय?"

सही नाही म्हणून लोकांचे चेक परत करण्यात माझी उमर गेली. मी निमूटपणे खिशातलं पेन काढलं. नॉर्वे, पायथन, बाराशे ठिपके, सगळे त्या सहीखाली गप्प बसले. आजींनी कागदाला दोन भोकं पाडली आणि पावती यजमानांच्या फाइलला लावली.