बाटलीची पाठ

लातूर,
नोव्हेंबर २०२५

चि. बापू,


काल फोनवर तू हसत म्हणालास, ‘आक्का, छिंदवाड्याची ती बाटली नाही ही, नाव बघूनच घेतलो.’ तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. नाव बघितलंस, शहाणा आहेस. पाठ बघितलीस का?

छिंदवाड्याच्या त्या कोल्ड्रिफ नावाच्या खोकल्याच्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघालं, ४८.६ टक्के. मुभा असते ती ०.१ टक्क्याची. लेकरांच्या किडन्या बंद पडल्या. वीसहून जास्त दगावली, त्यातली कितीतरी नागपूरला आणलेली. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हेच द्रव्य ग्लिसरीनमधून गेलं आणि १४ माणसं मेली. त्याची चौकशी करणाऱ्या लेंटिन आयोगाच्या बातम्या दादा ओसरीवर बसून मोठ्यानं वाचायचे.

पण तू भलत्याच गोष्टीला भ्यालास. ते विष होतं. तुझ्या हातातली बाटली सगळ्या तपासण्यांत पास झालेली असेल, तरी ती धडक्या किडनीच्या माणसासाठी भरलेली आहे. तुझी किडनी तशी नाही. तुझं क्रिएटिनिन दुकानदाराला माहीत नाही, आणि तू त्याला सांगितलं नाहीस, हे मी पैजेवर सांगते.

आता बाटलीच्या पाठीवर छापलेली नावं बघ. कफ पातळ करणारं ग्वायफेनेसिन नेहमीच्या मात्रेत सहसा त्रास देत नाही. पण ते एकटं कुठं मिळतं? अँब्रॉक्सॉल असेल तर किडनी फार खालावलेल्या माणसात त्याचे अवशेष अंगात साचतात. अमोनियम क्लोराइड असेल तर आधीच आम्ल बाहेर टाकायला थकलेल्या किडनीवर आणखी आम्ल. चोंदलेलं नाक मोकळं करणारं फेनिलेफ्रिन रक्तवाहिन्या आवळतं, बीपी चढवतं. आणि तुझी किडनी बीपीनंच गेली ना? सर्दीच्या गोळीतलं लेव्होसेटिरिझिन बहुतेक सगळं लघवीवाटे बाहेर पडतं, म्हणून तुझ्यासारख्याला ते कमी द्यावं लागतं आणि डायलिसिसवाल्याला देतच नाहीत. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन घातलेली गोळी तर हातातही धरू नकोस. ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितल्याएवढंच. पाण्यात फसफसणाऱ्या गोळीत सोडियम असतं, गोड सिरपात साखर. तुझ्या साखरेचं मी वेगळं काय लिहू!

माझी उभी नोकरी औषधांच्या खिडकीत गेली. लोक बाटलीचा रंग विचारायचे, चव विचारायचे, ‘मागच्या खेपेची लालवाली द्या’ म्हणायचे. आत काय आहे हे विचारणारा क्वचितच. तूही तसलाच. सोयाबीनचं बी घेताना पिशवी उलटीपालटी करून उगवणक्षमता, तारीख, लॉट नंबर सगळं वाचतोस, दुकानदाराशी भांडतोस. पोटात जाणाऱ्या औषधाचं मात्र समोरचं चित्र बघून पैसे देतोस. पट्टीवरच्या लाल रेघेचं तर नावच नको. ती रेघ डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय औषध देऊ नये म्हणून असते. आपल्याकडं चिठ्ठी मागितली तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. दुकानदाराला तरी किती बोलू? चिठ्ठी न दाखवणारी माणसं आपलीच.

आणि काकूनं पाठवलेलं ज्येष्ठमध? तिची माया खरी, पण ज्येष्ठमध रोज चघळलं की अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं, बीपी वाढवतं. झाडपाल्याचं म्हणजे निरुपद्रवी, हे कुणी ठरवलं? वाफ घे, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर, पण ते पाणी गिळू नकोस. ‘कोमट पाणी भरपूर पी’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. तुला पाण्याचं माप ठरवून दिलंय.

खरी काळजी निराळीच आहे. मळणीच्या धुळीचा खोकला म्हणतोस. मळणी उरकून किती दिवस झाले? तुझ्या बीपीच्या गोळीच्या नावाच्या शेवटी ‘प्रिल’ आहे का बघ, रामिप्रिल, एनालाप्रिल असं काही. त्या गोळीनं बऱ्याच जणांना कोरडा खोकला लागतो आणि तो कुठल्याच सिरपानं जात नाही. गोळी मात्र मनानं बंद करू नकोस. बदलून द्यायची ती डॉक्टर देतील. पंधरा दिवसांवर खोकला गेला असेल तर थुंकी तपासून घे, सरकारी दवाखान्यात फुकट होते. आणि आडवं पडलं की खोकला वाढतो, उशीवर उशी लागते, पाय सुजतात, असं असेल तर ते कफाचं नसून छातीत साठलेल्या पाण्याचं असू शकतं. तू सांगत नाहीस म्हणून मी भावजयीला विचारलं. ती गप्प राहिली. मला तेच खटकलं.

शनिवारी उदगीरला जा. फाईल, शेवटचा रिपोर्ट, चालू गोळ्या आणि ती बाटली, सगळं एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढं ठेव. तोवर त्या बाटलीतला एक थेंबही नको. आणि मध्येच रात्री दम लागला तर शनिवारची वाट बघू नकोस, त्याच रात्री गाडी काढायला सांग.

तुझी,
आक्का