खिसे किती हवेत?

कॅमेऱ्याच्या दुकानात बिनबाह्यांचं जॅकेट मागितलं की विक्रेता आधी खिशांचा आकडा सांगतो. चौदा, अठरा, बावीस. खिसे जितके जास्त तितके फोटो चांगले, अशी काहीतरी समजूत त्यामागे असावी. मी रानात पक्षी, किडे आणि फुलं टिपण्याचं काम करते आणि शिकू पाहणाऱ्यांचे गट घेऊन मुळशी तालुक्यात हिंडते. दर हंगामात कोणीतरी नवंकोरं बावीसखिशी जॅकेट चढवून येतं. दुपारी बघावं तर ते गाडीच्या मागच्या सीटवर पडलेलं असतं आणि त्याचा मालक मान चोळत असतो.

जॅकेट वाईट नसतं. त्यात भरलेलं सामान चुकीचं असतं. निकॉनची २००-५०० ही पक्षीवाल्यांची आवडती लेन्स कॉलरसकट २ किलो ३०० ग्रॅम भरते. तिच्या मागे डी५०० सारखी बॉडी लावली की त्यात आणखी ८६० ग्रॅम. हे वजन जॅकेटच्या खिशात घालायचं नसतं, घालताही येत नाही. पण तिच्यासोबत दुसरी लेन्स, फ्लॅश, पाण्याची बाटली असं करत लोक तीन-चार किलो अंगावर टांगतात. सॅकला कमरपट्टा असतो, त्यामुळे ओझं खुब्यावर बसतं. जॅकेटला तशी सोय नाही. त्यातला प्रत्येक ग्रॅम खांद्यावर आणि मानेच्या मागच्या शिवणीवर येतो. पुढचे खिसे जड झाले की कॉलर मागून मानेला कापायला लागते. म्हणून माझा हिशेब साधा आहे: अंगावर फार तर दोन किलो, त्यातलं थोडं पाठीच्या मोठ्या खिशात, म्हणजे पुढच्या ओढीला मागून तोल मिळतो. बाकी सगळं सॅकमध्ये आणि सॅक झाडाखाली.

मग जॅकेट घालायचंच कशाला? हात मोकळे राहावेत म्हणून. टेमघरचा घाट चढून लवासाकडे उतरताना रस्त्याच्या कडेला जे उतार लागतात तिथे गवताखाली सुटा मुरूम असतो. एका हातात कॅमेरा, दुसरा हात आधाराला. अशा जागी सॅक उतरवून, चेन उघडून बॅटरी शोधायला जागाच नसते. हात आपोआप ज्या खिशाकडे जातो, तिथेच ती बॅटरी सापडली पाहिजे. हा कपडा मूळचा मासेमारांचा. नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून गळ टाकणाऱ्यांसाठी खिशांचं जॅकेट बनवण्याचं श्रेय अमेरिकी मासेमार ली वुल्फ यांना दिलं जातं, ते १९३० च्या दशकात. खोल पाण्यासाठीची जॅकेटं मुद्दाम आखूड असतात, खालचे खिसे भिजू नयेत म्हणून. आपल्याला पाण्यात उभं राहायचं नसलं तरी आखूडपणा आपल्याही कामाचा आहे. मॅक्रो करणारा माणूस अर्धा वेळ उकिडवा किंवा गुडघ्यांवर असतो. लांब जॅकेटचे खालचे खिसे तेव्हा चिखलात लोळतात आणि उतारावर चालताना मांडीवर आपटतात.

छातीच्या खिशांबद्दल दुकानात कोणी बोलत नाही. पोटावर पालथं पडून खडकावरची सीतेची आसवं किंवा तेरड्यावरचा कोळी टिपायचा असेल तर छातीच्या खिशातली टणक वस्तू बरगडीत रुतते. पाय घसरून पडलात तर तीच वस्तू बरगडीला दगा देते. म्हणून छातीवर मऊ सामान: लेन्स पुसायचं कापड, रबरी ब्लोअर, पातळ प्लॅस्टिकची पिशवी. टणक सामान बाजूला, हाताच्या कोपराखाली. तिथे ते पडतानाही सहसा अंगाखाली येत नाही.

बॅटऱ्या आणि कार्डं यांची शिस्त मला रोलच्या काळातल्या लोकांकडून मिळाली. ३६ फोटोंचा रोल संपला की तो पूर्ण गुंडाळायचा, फिल्मची जीभ आत घ्यायची, आणि तो उजव्या खिशात. कोरा रोल डाव्या. जीभ बाहेर असेल तर कोरा, आत असेल तर वापरलेला, म्हणजे अंधारातही चाचपून कळतं. आता रोल गेले, पण नियम टिकला. भरलेली बॅटरी डावीकडे तोंड वर, रिकामी उजवीकडे तोंड खाली. कार्डांचंही तसंच. फ्लॅशच्या सुट्या पेन्सिल सेलांच्या खिशात मात्र किल्ल्या किंवा नाणी टाकायची नाहीत. दोन्ही टोकांना धातू लागला की सेल खिशातच शॉर्ट होऊन तापतात.

आता पावसाकडे येते, कारण लवासात त्याला टाळून काही बोलता येत नाही. २५ जुलै २०२४ ला सकाळी संपलेल्या चोवीस तासांत इथे साडेचारशे मिलिमीटरच्या घरात पाऊस पडला. पुणे शहराच्या वर्षभराच्या सरासरीच्या निम्म्याहून जास्त, एका दिवसरात्रीत. त्याच दिवशी दरड बंगल्यांवर आली. अशा दिवसांत इकडे फिरकूच नये. पण साध्या जुलैतही मोसे नदीच्या खोऱ्यात धुकं आणि भुरभुर दिवसभर थांबत नाही, आणि पहाटे ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर गातो तोही याच दिवसांत. पावसाळ्यात पाणी बाहेरून येतं. म्हणून कार्ड आणि बॅटरी आतल्या, अस्तराच्या बाजूच्या खिशात. ऑक्टोबरात नेमकं उलट. उन्हात अस्तर घामाने ओलंचिंब होतं, आणि घामात मीठ असतं. आतल्या खिशातल्या बॅटरीच्या पितळी पट्ट्या हिरव्या पडलेल्या मी बऱ्याच जणांच्या बघितल्या आहेत. म्हणून ऑक्टोबरात तेच सामान बाहेरच्या खिशात यायला हवं. एकच जॅकेट, पण जून आणि दसरा या दोन वेळी त्याची मांडणी बदलावी लागते, आणि ही गोष्ट कुठल्याही जॅकेटच्या लेबलावर लिहिलेली नसते.

सिलिका जेलची पुडी खिशात ठेवून उपयोग होत नाही. उघड्या खिशातली हवा ती कोरडी करूच शकत नाही. थोड्या वेळात ती भिजते आणि निळ्याची गुलाबी होते. ती बंद झिप-पिशवीत, सामानासकट ठेवायची. घरी आल्यावर ओलं सामान तसंच बंद पिशवीत ठेवणं तर त्याहून वाईट. आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर राहिली की लेन्सच्या काचेवर बुरशी धरते, आणि ती काच पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. जॅकेट उलटं करून, सगळे खिसे बाहेर काढून पंख्याखाली टांगायचं, मग जेवायला बसायचं.

पाऊस सरला की कुसळं. गौरी-गणपती गेले, सोनकीचा पिवळा बहर ओसरला आणि माळावरचं गवत पिकलं की त्याच्या दाण्याची ती टोकदार शेपूट कपड्यात शिरते. ती ओलसर झाली की उलगडते, वाळली की पिळवटते, आणि दर वेळी आणखी आत जाते. जमिनीत स्वतःला पेरून घ्यायची ही तिची युक्ती, आणि तिला अस्तर आणि जमीन यातला फरक कळत नाही. परदेशी जॅकेटला वारा खेळावा म्हणून पाठीला आणि आत जाळी असते. सह्याद्रीत नोव्हेंबरात ती जाळी म्हणजे कुसळांचं घर. मायदेशात उत्तम असलेली वस्तू इथे अंगाला टोचते. वेल्क्रोचीही तीच गत. त्याच्या आकड्यांत कुसळं आणि गवताचे तंतू अडकले की तो चिकटायचाच बंद होतो. गंमत अशी की स्विस इंजिनिअर जॉर्ज दे मेस्त्राल यांना वेल्क्रोची कल्पना कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी बीवरूनच सुचली होती. शिवाय वेल्क्रोचा तो चर्रर्र आवाज. पंधरा मिनिटं दबा धरून बसावं, पक्षी फांदीवर यावा, आणि शेजारच्याने खिसा उघडावा. मी माझ्या गटात वेल्क्रोला बंदी घातली आहे. टिचबटण बरं, त्याहून बरं साधं काज आणि मोठं बटण. अंधारातही लागतं, गंजत नाही, आवाज करत नाही.

रंगाचं मी जे सांगते ते ऐकून लोक आधी हसतात. खाकी टाळा. पक्ष्यांना खाकी चालते; माणसांना इथे चालत नाही. मुगाव, धामणओहोळच्या बाजूला तिवई खांद्यावर टाकून, खाकी जॅकेटचे खिसे फुगवून चालणारा माणूस लांबून मोजणीवाला दिसतो. या तालुक्यात मोजणीवाल्याची आठवण चांगली नाही. टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी मुळशी सत्याग्रह उभा केला तो १९२१ मध्ये. ते धरण झालंच आणि गावं पाण्याखाली गेली. नंतर मोसे नदीवर वरसगाव धरण आलं, आणि त्याच्या फुगवट्याच्या काठावर लवासा हे खासगी शहर. २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण खात्याने काम थांबवायला सांगितलं, २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. लवासातल्या दासव्याच्या काठावर आजही काही इमारतींत दिवे आहेत, काही नुसत्याच उभ्या आहेत, आणि त्यांच्या वळचणींत पाकोळ्यांनी घरटी केली आहेत. शंभर वर्षांत जो कोणी तीन पायांचं यंत्र घेऊन या डोंगरात आला, तो काहीतरी घ्यायलाच आला. शेळ्या घेऊन चाललेल्या एका आजीने मला थेट विचारलं, “ताई, मोजणी हाय का पुन्हा?” मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर तांबटाचा फोटो दाखवला. “पाखराचं व्हय,” म्हणून ती पुढे गेली, पण दोन वळणं जाईपर्यंत मागे वळून बघत होती. तेव्हापासून माझं जॅकेट मळकट हिरवं आहे, आणि गावातून जाताना तिवई मी सॅकला उभी बांधते, खांद्यावर घेत नाही. लष्करी छापाचं कापड तर अजिबात नको. ते दिसायला रानातलं वाटतं, आणि नाक्यावर नाहक थांबवून घेतं.

बायकांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण दुकानं सांगत नाहीत. होमाई व्यारावाला, आपल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, साडी नेसून स्पीड ग्राफिकसारखा अवजड कॅमेरा घेऊन दिल्लीत काम करत. साडीला खिसा नसतो, पंजाबी ड्रेसला असला तर रुमालापुरता. त्यामुळे खिशांचं जॅकेट पुरुषांपेक्षा आम्हाला जास्त गरजेचं, आणि बाजारातलं प्रत्येक जॅकेट पुरुषाच्या मापाचं. खांदे उतरतात, काखेचा घेर एवढा मोठा की वाकलं की सगळं पुढे लोंबतं. छातीवरचे फुगीर खिसे बाईच्या अंगावर असे पुढे येतात की खाली पाय कुठे पडतोय तेच दिसत नाही. घाटात हे धोक्याचं आहे. लहान मापाचं मागितलं की उंचीने लहान मिळतं, बेताने कापलेलं मिळत नाही.

याला उपाय शिवून घेणं. जिम डोमके हे फिलाडेल्फियाच्या वर्तमानपत्राचे छायाचित्रकार. बाजारातली एकही कॅमेऱ्याची पिशवी त्यांना पटेना, म्हणून १९७६ मध्ये त्यांनी स्वतःला हवी तशी कॅनव्हासची पिशवी करून घेतली, आणि ती जगभर गेली. आपल्याकडे शिंपी गल्लोगल्ली आहेत. कापड जाड कॉटन ड्रिल, अस्तर मांजरपाटाचं, जाळी नाही. पुण्याच्या बोहरी आळीत चेन, बक्कल, नायलॉन पट्टी सगळं मिळतं; चेनचा रनर प्लॅस्टिकचा घ्या, धातूचा खुळखुळतो. खांद्याला आतून पातळ फोम. खिशाच्या तळाच्या कोपऱ्यांना डबल शिलाई, कारण फाटतं ते तिथेच. तळाला एक बारीक भोक, पाणी निघून जायला. मी माझ्या शिंपीकाकांना पहिल्यांदा नऊ खिसे सांगितले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “ताई, यातले रोज कितीत हात घालता?” शिवताना सहाच केले. ते पुरतात. दुकानातल्या नावाजलेल्या जॅकेटच्या निम्म्याहून कमी खर्च आला.

शिंप्याकडे जाताना नुसतं अंगाचं माप देऊन येऊ नका. तुमची लेन्स, बॅटऱ्या, फ्लॅश, ब्लोअर सगळं बरोबर न्या आणि टेबलावर मांडा. त्याच्यासमोर उकिडवं बसून दाखवा, वाकून दाखवा, कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात आडवा घालून दाखवा, म्हणजे पट्ट्याखाली दबणारा खिसा तो वर घेईल. आणि वेळ गाठा. दिवाळीआधी कुठलाही शिंपी मान वर करून बघत नाही, आणि तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराईचे ब्लाऊज सुरू होतात. मधले आठ-दहा दिवस तेवढे त्याचे हात मोकळे असतात.