औंधच्या टेकडीवर आई बोलली

गेल्या हिवाळ्यात आईला घेऊन औंधला गेले. सातारा जिल्ह्यातल्या या गावातील यमाई हे आमचे कुलदैवत. आई ८१ वर्षांची. वडील गेल्यापासून घर तिला खायला उठते. कुठे निघायचे म्हटले की तिची पिशवी आदल्या रात्रीच भरलेली असते.

त्याआधी एका मोठ्या शहरातले प्रसिद्ध संग्रहालय तिला दाखवण्याचा घाट मी घातला होता. लांबच लांब दालने, गर्दी, टेकायला जागा नाही. अर्ध्या तासात ती भिंतीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, “तुम्ही बघून या, मी थांबते.” वृद्धांना संग्रहालये झेपत नाहीत, असा निष्कर्ष मी डॉक्टरी थाटात काढून टाकला.

औंधला गावातल्या देवळात दर्शन झाले. डोंगरावरच्या मूळपीठाकडे जाताना उतारावर श्री भवानी वस्तुसंग्रहालय लागते. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ साली उभारले. सूर्यनमस्काराचा ध्यास घेऊन तो घरोघरी पोहोचवणारे हेच ते राजे. ते स्वतः चित्रकार होते, आणि आपला संग्रह त्यांनी राजवाड्यात न ठेवता लोकांसाठी खुला केला. शरीराइतकीच दृष्टीलाही मशागत लागते, हे त्यांनी ओळखले असावे.

आत माणसे मोजकीच होती. तिथल्या कर्मचाऱ्याने न सांगता आईला खुर्ची आणून दिली. राजा रविवर्म्याच्या मूळ चित्रासमोर ती बराच वेळ बसली. माहेरच्या देवघरात याच चित्रकाराची छापील तसबीर होती, असे सांगू लागली. पुढे हेन्री मूर या ब्रिटिश शिल्पकाराचे ‘माता आणि मूल’ हे शिल्प आहे. जगभर नावाजलेल्या शिल्पकाराची कृती खटाव तालुक्यात पाहून मी चकित झाले होते. आईला त्या नावाशी कर्तव्य नव्हते. ती शिल्पाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “असं धरलं की लेकराला पडायची भीती वाटत नाही.”

थोडे थांबून ती पुढे म्हणाली, “मी दिवाळीआधी न्हाणीघरात पडले होते गं. तुला सांगितलं नाही.”

“का?”

“सांगितलं असतं, तर तू मला इथं आणलं असतंस का?”

मला उत्तर देता आले नाही. मी तिला खरोखरच घरी बसवले असते.

परत आल्यावर तिचा रक्तदाब आधी झोपवून आणि मग उभे करून, पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला मोजला. एरवी मी तो बसवूनच मोजत असे. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० हून अधिक उतरत होता. तिच्या औषधाची मात्रा बदलली, न्हाणीघरात धरायला दांडा बसवला. (आपल्या मनाने मात्र कोणीही गोळ्या कमी करू नयेत.) पडल्याची गोष्ट वृद्ध माणसे लपवतात, कारण तिची शिक्षा म्हणून हिंडणे-फिरणे बंद होते. आणि हिंडणे बंद झाले की पायांतले बळ ओसरते, पुन्हा पडण्याचा धोका वाढतो.

म्हणून आता प्रवासात आम्ही लहान संग्रहालये शोधतो. कोल्हापुरात चित्रपट अभिनेते चंद्रकांत मांडरे यांच्या राहत्या घरातच त्यांच्या चित्रांचे संग्रहालय आहे. अशा ठिकाणी सारे पाहून संपवण्याचा धाक नसतो. निघण्यापूर्वी सुटीचा वार, पायऱ्या आणि स्वच्छतागृह यांची चौकशी करावी. सकाळची वेळ निवडावी, पाणी व औषधे जवळ ठेवावीत, पाऊण तासात बाहेर पडावे. घडीची खुर्ची गाडीत असली तर उत्तम. आणि कशासमोर थांबायचे, हे ज्येष्ठांनाच ठरवू द्यावे.

दवाखान्यात मी आईला कितीदा विचारले होते, “काही त्रास?” ती दर वेळी “नाही” म्हणत असे. औंधला मी काहीच विचारले नव्हते. तिच्या शेजारी, ती पाहत होती तिकडे पाहत, नुसती उभी होते.