दोघे, तिघे, चौघे

तोक्योत नोकरीसाठी आलो तेव्हा 'इचि, नि, सान' म्हणजे एक, दोन, तीन पाठ होते. वाटलं, मोजण्यापुरतं तरी जपानी जमलं. पहिल्याच आठवड्यात दुकानात दोन छत्र्या मागताना तो भ्रम फिटला.

जपानीत नुसती संख्या पुरत नाही, वस्तूप्रमाणे तिला शेपूट लागतं. छत्री, पेन्सिल, बाटली अशा लांबट वस्तूंना 'होन'. कागद, ताटली, शर्ट अशा चपट्या वस्तूंना 'माइ'. पुस्तकांना 'सात्सु', गाड्यांना आणि यंत्रांना 'दाइ'. त्यात उच्चारही बदलतात: इप्पोन, निहोन, सानबोन. कुत्र्या-मांजरांना 'हिकी', पक्ष्यांना 'वा', आणि जुन्या रिवाजाप्रमाणे सशालाही 'वा'! शब्द आठवला नाही तर 'हितोत्सु, फुतात्सु' ही दहापर्यंतची साधी मोजणी बहुतेक वस्तूंना चालते. माझे पहिले सहा महिने तिच्यावरच निघाले.

बडोद्याला बाबांना फोनवर हे रडगाणं ऐकवलं. ते हसले. "अरे, खंडेराव मार्केटात आपण काय करतो? मेथीची जुडी, केळ्यांची फणी, लसणाचा गड्डा. आणि माणसांना दोन, तीन, चार म्हणतो का? दोघे, तिघे, चौघे!"

खरंच की! जपानीतही एकटा 'हितोरी', दोघे 'फुतारी'. तिघांपासून संख्येला 'निन' जोडायचं: सान-निन. चौघे मात्र 'यो-निन'. चारला 'शि' असाही शब्द आहे, पण 'शिनिन' म्हणजे मेलेला माणूस. शिकवणाऱ्या बाईंनी हे दोनदा बजावलं होतं.

इथे हॉटेलात शिरताना दारातच किती जण ते विचारतात. दीड वर्ष मी 'हितोरी' म्हणत होतो. लग्नानंतर 'फुतारी' झालं. पुढच्या वसंतात, चेरी फुलताना, आई-बाबा येणार असं ठरलं. दारात उत्तर आपणच द्यायचं म्हणून बाबा घरी मोठमोठ्याने घोकू लागले: हितोरी, फुतारी, सान-निन, यो-निन.

दिवाळीनंतर बाबा गेले. एप्रिलच्या सुरुवातीला आई एकटीच आली.

आमच्या घराजवळच्या छोट्या हॉटेलात आम्ही गेलो. दारातल्या मुलीने नेहमीप्रमाणे विचारलं. माझ्या तोंडून 'यो...' निघालं आणि मी तिथेच अडखळलो. बायको खाली बघत राहिली.

आईने तीन बोटं वर केली आणि अगदी स्वच्छ म्हणाली, "सान-निन."