वहीच्या कोपऱ्यातले हरिण

शाळेच्या स्मरणिकेसाठी काही आठवणी लिहून पाठवाव्यात, असा निरोप आला तेव्हा आम्हां एका तुकडीतल्या जुन्या विद्यार्थ्यांचे एका गोष्टीवर चटकन एकमत झाले. लिहायचे तर त्या हरणाविषयी लिहायचे. त्या हरणाचे आम्ही काही देणे लागतो आणि ते अजून पुरते फिटलेले नाही.

आमच्यापैकी बहुतेकांचे आईवडील दिवाळी झाली की कल्याण-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जात, ते पाऊस तोंडावर आल्यावर परतत. मधले सात-आठ महिने वसतिगृह हेच आमचे घर. अशाच एका हिवाळ्यात, संध्याकाळची वंदना आटोपल्यावर, भोजनगृहाच्या भिंतीवर पांढरी चादर ताणून बसवली गेली आणि एक प्रोजेक्टर घरघरू लागला. फिल्म्स डिव्हिजनने १९५७ साली काढलेला 'द बनियन डिअर' हा लहानसा रंगीत चित्रपट होता. कथा आम्हांला ठाऊक होती. निग्रोधमृग जातक गुरुजींनी अनेकदा सांगितले होते. परंतु ठाऊक असलेली कथा चालताना, धावताना, मान वळवून पाहताना आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. गाभण हरिणीची पाळी येते, ती आपल्या पिलासाठी याचना करते, आणि निग्रोधराजा तिच्या जागी स्वतःची मान ठोकळ्यावर ठेवायला निघतो. नेमक्या त्या क्षणी वीज गेली.

वीज काही आली नाही. गुरुजींनी उरलेली गोष्ट अंधारातच सांगितली. राजाने एका हरणाला अभय दिले, मग दोन्ही कळपांना, मग सगळ्या प्राणिमात्रांना. अर्धे पाहिलेले आणि अर्धे ऐकलेले ते हरिण घेऊन आम्ही झोपायला गेलो.

हा चित्रपट कसा घडला, ते आम्हांला फार उशिरा कळले. १९५६ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगचित्रपट विभागात शिकवण्यासाठी डिस्नेच्या कारखान्यातले क्लेअर वीक्स हे चित्रकार आले होते. ज्या 'बॅम्बी'तल्या हरणाने साऱ्या जगाला वेड लावले, त्या चित्रपटावरही त्यांनी काम केले होते. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांत राम मोहन होते, ज्यांना पुढे भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हटले गेले आणि २०१४ साली पद्मश्री मिळाली. याच विभागातून हा चित्रपट बाहेर पडला. परदेशी विद्या आणि आपल्या मातीतली जातककथा अशी त्याची घडण आहे, हे कळल्यावर आम्हांला उगाचच आपल्या घरातले कोणी मोठे झाल्यासारखे वाटले.

त्या रात्रीनंतर आमच्यातल्या एकाने गणिताच्या वहीच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एकेक हरिण काढायला घेतले. आठवड्याभरात वही भरली. अंगठ्याने पाने सोडली की हरिण धावे. पालकभेटीच्या दिवशी त्याचे वडील भट्टीवरून थेट आले होते, पायांवर लाल माती तशीच होती. वहीची दशा पाहून ते संतापले. "वही गणितं कराया दिली का हरणं नाचवाया?" असे म्हणून त्यांनी हात उगारला. गुरुजींनी वही हातातून घेतली, एकदा पाने सोडून पाहिली आणि काही न बोलता ती वडिलांच्या हाती दिली. वडिलांनीही पाने सोडली. मग पुन्हा सोडली. त्या दिवशी मार चुकला, आणि पुढच्याच वर्षी गुरुजींनी त्याला एलिमेंटरीच्या आणि नंतर इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेला बसवले.

आमचा हा मित्र पुढे मुंबईतल्या एका स्टुडिओत लागला. तिथे युरोपातल्या दूरचित्रवाणी मालिकांचे काम येई. पात्राने हात वर केला आणि खाली आणला ही दोन मुख्य चित्रे तिकडून येत, मधली सगळी चित्रे इकडच्या मुलांनी भरायची. त्याची मालिका टीव्हीवर लागली की आम्ही शेवटच्या नावांकडे डोळे लावून बसायचो. त्याचे नाव कधीच दिसले नाही.

सुटीत घरी आला की तो वेगळ्याच माणसांच्या गोष्टी सांगे. जर्मनीच्या लोटे रायनिगर यांनी काळा कागद कात्रीने कापून, सांध्यांना तार बांधून, १९२३ ते १९२६ अशी तीन वर्षे खपून 'प्रिन्स अख्मेद'ची साहसकथा उभी केली. युगोस्लाव्हियातल्या झाग्रेबच्या दुशान वुकोतिच यांच्या 'सुरोगात' या लघुपटाला १९६२ साली ऑस्कर मिळाले. ॲनिमेशन लघुपटासाठीचा हा सन्मान अमेरिकेबाहेर जाण्याची ती पहिलीच वेळ. रशियाचे युरी नॉर्स्टाइन 'ओव्हरकोट' हा एकच चित्रपट १९८१ पासून करीत आहेत. तो ऐकवी आणि आम्ही हसायचो. एका चित्रपटाला इतकी वर्षे लागत असतील तर खायचे काय?

त्याचे उत्तर त्याच्यापाशी होते. फ्रान्ससारख्या देशात राष्ट्रीय चित्रपट केंद्र लघुपटांना सार्वजनिक पैसा देते, दूरचित्रवाणी वाहिन्या ते विकत घेतात, आनसी गावात १९६० पासून ॲनिमेशनचा मोठा महोत्सव भरतो. तरीही तिकडच्या स्वतंत्र कलावंतांना जाहिराती कराव्या लागतात, मुलांची पुस्तके सजवावी लागतात, विद्यालयांत शिकवावे लागते. 'फादर अँड डॉटर' हा आठ मिनिटांचा लघुपट करून २००१ साली ऑस्कर मिळवणारे डच कलावंत मिखाएल दुडोक द वित हेही जाहिराती करीतच जगले. म्हणजे पोट एकीकडे आणि स्वतःची गोष्ट दुसरीकडे, अशी दोन्ही टोके धरूनच ही माणसे चालतात.

त्यालाही स्वतःची गोष्ट सांगायची होती. भट्टीवर वाढणाऱ्या एका मुलीची, आठ मिनिटांची. सेकंदाला चोवीस चौकटी, एकेक चित्र दोन चौकटींना वापरले तरी आठ मिनिटांना ५,७६० चित्रे लागतात. रात्री जागून त्याने सहाशे काढली. मग स्टुडिओचे काम आटले, चार महिन्यांचा पगार थकला तो थकलाच, आणि तो गावी परतला. त्या वेळी आम्ही, त्याच्याच ताटात जेवलेले त्याचे मित्र, त्याला काय म्हणालो? "सोड आता हे खूळ." आमच्यात कोणी शिक्षक झाला होता, कोणी रेल्वेत, कोणी तलाठी कार्यालयात. आमचे पाय जमिनीवर होते असे आम्हांला वाटत होते. त्याने आमचे ऐकले. चित्रे पत्र्याच्या पेटीत गेली आणि तो दुकानांच्या पाट्या रंगवू लागला. त्याला ते बोल किती लागले, हे त्याने कधी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

गेल्या वर्षी शाळेतल्या एका मुलीचे वडील आमच्याकडे सल्ल्याला आले. मुलीला हेच शिकायचे आहे, चित्रे काढून पोट भरते का, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. आम्ही एकमेकांकडे पाहिले. एकदा दिलेले उत्तर पुन्हा देण्याचे धाडस आम्हांला झाले नाही. त्यांना आणि मुलीला घेऊन आम्ही मित्राच्या घरी गेलो.

पेटी उघडली. साठ चित्रे वाळवीने खाल्ली होती. उरलेली मुलीने मोबाईलवर एकेक करून टिपली. त्यात दुपार गेली. ५४० चित्रांचे पंचेचाळीस सेकंद झाले. त्यांत एक लहान मुलगी डोक्यावर दोन विटा घेऊन चालते, थबकते, एक वीट खाली ठेवते आणि तिच्यावर उभी राहून दूरवर पाहते. तिथे चित्रे संपतात. मुलीच्या वडिलांनी मोबाईल मागून घेतला आणि पुन्हा लावला. आम्हांला पालकभेटीचा तो दिवस आठवला.

"पुढं काय होतं?" मुलीने विचारले. मित्र म्हणाला, "ते काढायचं राहिलंय."

पालकबंधू आणि भगिनींनो, या धंद्यात पैसा आहे असे आम्ही सांगणार नाही. मुंबईच्या गीतांजली राव यांनी 'प्रिंटेड रेनबो' हा पंधरा मिनिटांचा चित्रपट जवळजवळ एकटीने, वर्षानुवर्षे खपून रंगवला, तेव्हा कुठे २००६ साली कानच्या समीक्षक सप्ताहात त्याला तीन पुरस्कार मिळाले. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी कुंडीतल्या वाटाण्याचे रोप उगवताना रोज थोडे थोडे टिपून ठेवले आणि त्याचीच फिल्म दाखवून भांडवल मिळवले. लंडनला जाण्यासाठी त्यांना विमा गहाण टाकावा लागला होता. तेव्हा मुलाला आधी हात बसेपर्यंत चित्रकला शिकू द्या, चित्रकलेच्या परीक्षांना बसवा. वाशिंदहून एकाच लोकलने गाठता येणारे जे. जे. कलामहाविद्यालय आहे, पवईच्या आयआयटीत आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत हा विषय शिकवला जातो. प्रवेशपरीक्षांची तयारी वेळेत सुरू करा. मोठ्या जाहिराती करणाऱ्या खाजगी वर्गांसाठी कर्ज काढण्याआधी चारदा विचार करा. पोटासाठी जोडीला एखादे काम असू द्या, त्यात कमीपणा नाही. एवढे करूनही ते जमणार नाही, असे होऊ शकते. परंतु "सोड" हा शब्द आपण उच्चारू नये. तो उच्चारणे फार सोपे असते आणि त्याची किंमत दुसरा कोणी देतो.

आता दर रविवारी आमचा मित्र वसतिगृहात येतो. मुलगी आणि आणखी काही मुले त्याच्याभोवती बसून पुढची चित्रे काढतात. कागद आणण्याचे काम आमच्या तुकडीने घेतले आहे. ५,२२० चित्रे अजून बाकी आहेत. जुन्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या घरी एका बाजूने कोरे कागद पडून असतील, त्यांनी ते शाळेत आणून द्यावेत, ही नम्र विनंती.