जेर महालातली गावं

धोबीतलावच्या जेर महालाचा जिना चढताना आजही गोव्याची गावं भेटतात. दारावरच्या पाटीवर आधी एखाद्या संताचं नाव, मग ‘क्लब’ आणि शेवटी गावाचं नाव. मुंबईत क्लब म्हटलं की हिरवळ, बिलियर्डचं टेबल आणि सभासद व्हायला लागलेली रांग डोळ्यांपुढे येते. इथला क्लब म्हणजे एक लांबलचक खोली, भिंतीलगत पत्र्याच्या ट्रंका आणि दर्शनी भागी आल्तार. गोंयकार त्याला कूड म्हणतात.

आम्ही ठाकूरद्वारची मुलं मेट्रोला सिनेमा बघायला जायचो ती याच इमारतीच्या बाजूने. तिन्हीसांजेनंतर वरच्या खिडक्यांतून पुरुषांच्या भरड आवाजातला ‘तेर्स’, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, ऐकू यायचा. आमच्या चाळीत ‘शुभं करोति’ला दांडी मारता येत असे. कुडीत तेर्साला दांडी चालत नाही, हे तेव्हा कळलं असतं तर तिथल्या माणसांबद्दल सहानुभूतीच वाटली असती.

ही माणसं इथे आली ती पोटासाठी. पोर्तुगिजांच्या गोव्यात शेती थोडी आणि नोकऱ्या त्याहून थोड्या. ब्रिटिशांच्या मुंबईला मात्र स्वयंपाकी, बटलर, शिंपी, वादक आणि बोटींवर खलाशी हवे होते. गोव्यातल्या ख्रिस्ती माणसाला साहेबाच्या ताटातलं काहीच वर्ज्य नव्हतं, आणि चर्चच्या शाळेत तो स्वरलिपी वाचायला शिकलेला असे. प्रश्न राहायचा होता. खलाशी (गोंयकारांच्या बोलीत तारवटी) महिनोन् महिने समुद्रावर. परतला की पुढची बोट मिळेपर्यंत पुन्हा कितीतरी दिवस मुंबईत बसून. एवढ्यासाठी खोली भाड्याने कोण घेणार? म्हणून गावाने मिळून खोली घेतली. एकोणिसाव्या शतकात सुरू झालेली ही रीत इतकी रुजली, की विसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईत अशा तीनशेहून अधिक कुडी होत्या.

कुडीचा हक्क गावावरून मिळे. ट्रंक ठेवायची, तिच्यासमोर चटई पसरायची, तेवढी जागा आपली. माणूस बोटीवर गेला तरी ट्रंक तिथेच राही. वर्षाकाठी गावच्या संताचं फेस्त, त्याला लदाईन (गाऊन म्हटलेली प्रार्थना), मग उकडलेले चणे आणि जमेल तसा घोट. एरवी दारूला बंदी. गावातलं भांडणही याच खोलीत मिटे किंवा वाढे.

पण उगाच हळहळायला नको. बहुतेक कुडींत बायकांना जागा नव्हती. साहेबांच्या घरी आया म्हणून राबणाऱ्या गोव्याच्या बायकांनी आपली सोय आपण बघायची. एकांत नावाची चीज नव्हती, आणि गावातल्या जातीपातीही ट्रंकेबरोबरच बोटीत चढून मुंबईला आल्या होत्या.

तरी या दाटीतूनच एक रंगभूमी उभी राहिली. १७ एप्रिल १८९२ रोजी पहिला तियात्र, म्हणजे कोकणी नाटक, झाला तो गोव्यात नव्हे, मुंबईत. त्याचा प्रेक्षक होता तो दिवसभर दुसऱ्यांची घरं सांभाळून रात्री आपली भाषा ऐकायला आसुसलेला गोंयकार. पुढे १९५५ साली भारत-गोवा सीमेवर नाकेबंदी झाली आणि गावी जाणं दुरापास्त झालं. तेव्हा मुंबईतल्या अनेकांना गाव उरलं ते कुडीतलंच.

लालबाग-परळच्या माणसाला हे सगळं ओळखीचं वाटेल. कोकणातल्या, घाटावरच्या गावांनीही गिरणगावात अशाच खोल्या धरल्या होत्या: पाळीपाळीने झोपणं, खाणावळीत जेवणं, शनिवारी भजन. १९८२च्या संपानंतर गिरण्या गेल्या आणि त्या खोल्यांचं प्रयोजनच संपलं. कूड त्यापेक्षा जास्त टिकली. माझ्या मते याला कारण भाविकपणा नव्हे, जहाजं. बोटीची नोकरी मिळवायला मुंबईत यावं लागत होतं तोवर ट्रंकेला अर्थ होता.

आता तो अर्थही पातळ झाला आहे. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावर तिथेच कामं निघाली, १९९८ पासून कोकण रेल्वेने मडगाव एका रात्रीवर आणलं. बोटीवर जाणारे अजून आहेत, पण बोलावणं फोनवर येतं आणि तरुण थेट विमानाने बंदर गाठतो. पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला गेलेल्यांना तर मुंबई वाटेतही लागत नाही. कुडीत मागे राहतात ते निवृत्त म्हातारे, उपचारासाठी किंवा कागदपत्रांसाठी आलेलं एखादं कुटुंब आणि शिकायला आलेली मुलं. काही कुडींनी गावाबाहेरच्यांनाही दार उघडलं आहे. ते मला शहाणपणाचं वाटतं. काही कुडी वादात अडकल्या, काही विकल्या गेल्या. दक्षिण मुंबईतली मोठी खोली म्हटल्यावर संताच्या तसबिरीकडे कोण बघतो!

खोल्या वाचवा असं म्हणण्यात अर्थ नाही. त्यांचं भवितव्य भाडं आणि पुनर्विकास ठरवणार. वह्यांचं मात्र तसं नाही. कोण कधी आला, वर्गणी किती दिली, फेस्ताला खर्च काय झाला, हे लिहून ठेवलेल्या वह्या अजून काही कपाटांत असतील. सामान्य खलाशाचा, स्वयंपाक्याचा असा इतिहास दुसऱ्या कुठल्या दफ्तरात सापडायचा नाही. तेव्हा ज्यांच्या घरातल्या कुणाचं नाव अशा वहीत असेल, त्यांनी इमारत उतरवायला माणसं येण्याआधी एकदा जाऊन त्या पानांचे फोटो काढून ठेवावेत. कुडीतला म्हातारा हरकत घेणार नाही; चहाला बसवील आणि तुमचं गाव कोणतं ते विचारील.