हिंगाचा रकाना

भाईंदर पूर्वेच्या आमच्या फरसाण कारखान्यात नवं सॉफ्टवेअर येतंय. सध्या कच्च्या मालाचा मास्टर डेटा भरते आहे: कोड, एकक, टिकण्याची मुदत, ॲलर्जी. बेसन, तेल भराभर झालं. हिंगापाशी थांबले. डबीतल्या मिश्र हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, म्हणजे ग्लुटेन. २०२० च्या लेबल नियमांनुसार ते पाकिटावर सांगावंच लागतं. इथे एक खूण केली, की शेव, पापडी, चिवडा, सगळ्यांच्या लेबलावर ती उतरते. जिन्नस चिमूटभर, पण कुणाच्या लेकराला गहू सोसत नसेल. पाकीट उलटून बारीक अक्षरं वाचणारी त्याची आई डोळ्यांपुढून हलत नाही. तिच्यासाठीच मी पुरवठादाराकडून घटकांची यादी लेखी मागवली आहे.

मग मीठ. गाव मिठागरांचं, गोणीवर पत्ता मात्र गुजरातचा. पुरवठादार बदलला तर कोड तोच ठेवावा का, अजून ठरत नाही.